वडिलांची निसान वन टन पुन्हा रस्त्यावर आणायची आहे: डिझेल इंजिन बसवावे की मूळ इंजिनच दुरुस्त करावे?

गुऱ्हाळघर_करवीर

सर्व जाणकारांना नमस्कार. आम्ही करवीर तालुक्यातील शेतकरी. माझे वडील सैन्यात चालक होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी लष्कराने विक्रीस काढलेली एक निसान वन टन, म्हणजे लहान लष्करी ट्रक, दुसऱ्या मालकाकडून विकत घेतली. गाडीला एमएच ०९ क्रमांक आहे आणि आर.सी. बुक आमच्याकडे आहे, परंतु नोंदणीची मुदत संपून बरीच वर्षे झाली. गेली अकरा वर्षे ती आमच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या छपराखाली उभी आहे. वरून पाऊस लागलेला नाही. तथापि जमिनीची ओल, चिपाडाचा कचरा आणि उंदीर यांचा त्रास झालेला दिसतो. वायरिंग दोन ठिकाणी कुरतडलेले आहे.

वडील आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. ही गाडी त्यांनी स्वतः चालवून एकदा पन्हाळ्यापर्यंत न्यावी, एवढीच माझी इच्छा आहे. पुढे ती शेतावर आणि गावात चालत राहावी, पण तिच्याकडून भाड्याचे काम घ्यायचे नाही.

ओळखीच्या मेस्त्रींचे म्हणणे असे की पेट्रोलचे सहा सिलिंडरचे इंजिन परवडणार नाही, म्हणून ते काढून जुन्या टेम्पोचे डिझेल इंजिन बसवावे, पुढे डिस्क ब्रेक करावेत आणि पॉवर स्टिअरिंग घालावे. खर्चाचा आकडा मोठा आहे. माझ्याकडे पैसे मर्यादित आहेत, त्यामुळे आधी कशावर खर्च करावा आणि काय मुळीच करू नये, हे अनुभवी माणसांकडून समजून घ्यायचे आहे.

माजी_ईएमई_गडहिंग्लज

आपल्या वडिलांना माझा जयहिंद सांगा. मी ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती विभागात, वाहन दुरुस्तीच्या कामावर होतो आणि वन टन, जोंगा ही जीपसारखी गाडी आणि शक्तिमान हा मोठा ट्रक, या तिन्ही लष्करी गाड्यांवर हात काळे केलेले आहेत. आपण विचारलेल्या तीनही बदलांपैकी एकही गोष्ट आज पहिल्या क्रमांकावर येत नाही. आधी चाके, मग ब्रेक, मग स्टिअरिंगचे सांधे आणि सर्वात शेवटी इंजिन, हा क्रम धरा. न चालणारी गाडी कोणाचे वाईट करत नाही. न थांबणारी करते.

चाकांबद्दल सविस्तर लिहितो, कारण लष्करी गाडी घरी दुरुस्त करताना जीव जातो तो बहुधा इथे. अशा गाड्यांना अनेकदा दोन भागांची रिम असते. अशा रिमवर नटांची दोन वर्तुळे दिसतात. एका वर्तुळातील नट चाक हबला धरतात आणि दुसऱ्यातील नट रिमचे दोन भाग एकमेकांना धरून ठेवतात. टायरमध्ये हवा असताना चुकून दुसऱ्या वर्तुळातील नट सोडले, तर रिमचा वरचा भाग तोफेच्या गोळ्यासारखा उडतो. काही गाड्यांना एकसंध रिमवर लॉक रिंग असते. ती गंजून नीट बसलेली नसेल, तर हवा भरताना निसटते. म्हणून चाकाला पाना लावण्यापूर्वी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, टायर हाताने दाबून खात्री करा आणि मगच काम सुरू करा. दोन भागांच्या रिमचे नट ओळखण्यासाठी त्यांना वेगळा रंग मारून ठेवा. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा, नळी लांब घ्या आणि समोर उभे राहू नका. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे हे चाक द्यायचे असेल, तर आपण स्वतः शेजारी थांबून त्याला हे सांगा. अकरा वर्षे एका जागी उभे राहिलेले टायर वरून चांगले दिसले तरी बाजूच्या भिंतीला तडे गेलेले असतात. त्यांचा मोह धरू नका. पैशाचा पहिला हप्ता पाच टायर आणि नव्या ट्यूबवरच खर्च करा.

ब्रेकचे पाहू. चारही चाकांना ड्रम आणि हायड्रॉलिक पद्धतीचे ब्रेक आहेत. ब्रेक ऑईल हवेतील ओल शोषून घेते. इतकी वर्षे उभ्या असलेल्या गाडीत ते पाणी व्हील सिलिंडरच्या तळाशी साचून खड्डे पाडते. त्यामुळे नुसते रबर किट बदलून भागत नाही. सिलिंडर उघडून, आतून पुसून, उजेडात पाहावे लागते. खड्डा असेल, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह घालून मूळ मापाचे बोअर (आतला व्यास) करून मिळते. सगळ्या रबरी नळ्या नव्या घाला. लोखंडी पाइप गंजलेले असतील तर स्टीलचे किंवा कुप्रोनिकेलचेच घाला. साधा तांब्याचा पाइप वाकवायला सोपा म्हणून अनेक जण घालतात, परंतु थरथरीने तो कडक होऊन फ्लेअरजवळ (पसरवलेल्या टोकाजवळ) तडकतो. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते. पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके पिशवीत बांधून टाका.

डिस्क ब्रेक घालण्यापेक्षा मी एक वेगळी सुधारणा सुचवीन. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडर एकेरी असेल, तर एक नळी फुटताच चारही चाकांचा ब्रेक जातो. त्या जागी दुहेरी, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना स्वतंत्र दाब देणारा मास्टर सिलिंडर बसवावा. त्याचे बोअर मूळ मापाचेच हवे. मोठे घेतले तर पेडल दगडासारखे लागते, लहान घेतले तर ते तळाला जाते. पन्हाळ्याचा घाट उतरायचा असेल, तर या एका बदलाइतके समाधान दुसरे कोणतेच देणार नाही.

स्टिअरिंग जड लागते म्हणून पॉवर स्टिअरिंगकडे धावू नये. पुढच्या ॲक्सलच्या किंगपिनची (ज्या खिळीवर चाक वळते तिची) बेअरिंग वंगणाशिवाय सुकलेली असतात, टायरमध्ये हवा कमी असते आणि टो-इन, म्हणजे पुढची चाके किंचित आत वळलेली ठेवण्याचे माप, बिघडलेले असते. एवढे दुरुस्त केले की निम्मा जडपणा जातो. ड्रॅग लिंक, टाय रॉड किंवा स्टिअरिंगचा शाफ्ट यांना कोणी वेल्डिंग करतो म्हणाला, तर त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा.

इंजिन अजून सुरू करू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचे ऑईल मिसळून सोडा आणि तीन-चार दिवस थांबा. मग हँडलने हळूहळू फिरवा. स्टार्टर मारू नका. इंजिन फिरले की ऑईल पॅन उतरवून तळाचा गाळ काढा, कारण नवे ऑईल तो गाळ सोडवून बारीक वाटांमध्ये नेऊन बसवते. बॅटरी लावण्यापूर्वी यंत्रणा १२ व्होल्टची आहे की २४ व्होल्टची, हे डायनॅमोच्या पाटीवर वाचा. एका बॅटरीची जागा दिसली म्हणून १२ समजू नका, कारण मधल्या मालकांनी काय काय बदलले असेल याचा भरवसा नसतो.

उद्यमनगर_लेथ

वरच्या उत्तराला माझे अनुमोदन आहे. आमचे शिवाजी उद्यमनगरात लहान मशीन शॉप असून जुन्या इंजिनांची हेड आणि ब्लॉक आमच्याकडे नियमित येतात, त्यामुळे फक्त इंजिनाबद्दल लिहितो.

वन टन आणि जोंगा या दोन्ही गाड्यांचे पेट्रोल इंजिन एकच आहे. सहा सिलिंडर, ८५.७ मिलिमीटर बोअर, ११४.३ मिलिमीटर स्ट्रोक आणि ३९५६ सीसी. स्ट्रोक लांब असल्यामुळे हे इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देते आणि उसाच्या चिखलातून गाडी बाहेर काढायला त्याचा फार उपयोग होतो. बांधणी साधी, ओतीव लोखंडाची आहे. कोल्हापुरात अशा इंजिनात दुरुस्त न होण्यासारखे काही नाही. ज्या गावात शेतीपंपापासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंतचे ओतकाम रोज होते, तेथे वॉटर पंपाची बॉडी किंवा मॅनिफोल्ड नमुन्यावरून ओतून घेता येते.

दोन गोष्टी मात्र या इंजिनाच्या काळानंतर बदलल्या आणि त्यांचा विचार करावाच लागतो. पहिली, शिसे. हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहे आणि २००० सालापासून देशात शिसेविरहित पेट्रोलच मिळते. शिशाच्या संयुगांचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांच्यामध्ये राहत असे. तो नसेल तर तापलेल्या अवस्थेत दोन्ही धातू क्षणभर चिकटतात, सुटताना सीटचे कण ओढले जातात आणि व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुतत जातो. याची खूण अशी की टॅपेटचे अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधली फट, वाढण्याऐवजी कमी होत जाते. वापराने खटखट वाढते असे माणूस समजत असतो, आणि इथे मात्र इंजिन शांत होत होत एके दिवशी कॉम्प्रेशन सोडते. उपाय अवघड नाही. हेडमध्ये एक्झॉस्टच्या सहा जागी बोअर करून कडक धातूच्या सीट घट्ट बसवायच्या आणि सोबत व्हॉल्व्ह गाइड तपासायचे. इनटेकच्या सीट थंड राहतात, त्यांना हात लावण्याची गरज नसते. परंतु गाडी हलक्या वापराची असेल तर हे काम आजच करावे असे मी म्हणणार नाही. टॅपेटचे अंतर नोंदवा, हजार किलोमीटर चालवा, पुन्हा मोजा आणि मग ठरवा.

दुसरी गोष्ट इथेनॉल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. जुन्या पेट्रोल पंपाचे डायफ्राम, रबरी नळ्या आणि बुचाचे पॅकिंग त्यात फुगतात किंवा मऊ होतात. इथेनॉल पाणी ओढून घेते. गाडी पावसाळाभर उभी राहिली, तर ते पाणी इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे होऊन गंज धरते. म्हणून डायफ्राम आणि नळ्या फ्लुओरो रबराच्या घ्या, टाकी आतून साफ करून घ्या, कार्ब्युरेटरपूर्वी पारदर्शक फिल्टर बसवा आणि जूनमध्ये गाडी उभी करणार असाल तर टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर कोरडा चालवा. नव्या पेट्रोलवर मिश्रण थोडे पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. इंजिन ओढताना अडखळले तर कार्ब्युरेटरमधील इंधनाचे छिद्र, म्हणजे मेन जेट, एक माप मोठा करून पाहावा.

गिअर ऑईलबद्दल एक सूचना. डिफरन्शियलला (ॲक्सलच्या मध्यातील गिअरपेटीला) जीएल-५ दर्जाचे ऑईल चालते, पण गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो (गिअर जुळवणाऱ्या रिंगा) असतील तर जीएल-४ दर्जाचे घाला. दुकानदार एकच डबा पुढे करतो.

वकील_शाहूपुरी

यंत्राबद्दल मला बोलता येणार नाही, परंतु कागदपत्रांचा विचार इंजिन बदलण्यापूर्वीच करावा लागतो, म्हणून लिहिते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आर.सी.मधील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद काटेकोरपणे लागू करावी असे स्पष्ट केले आहे. मान्यताप्राप्त संच बसवून इंधन बदलण्याची वाट कायद्यात आहे, पण टेम्पोतून उतरवलेले दुसऱ्या कंपनीचे इंजिन म्हणजे तसा संच नव्हे. अशा गाडीचा अपघात झाल्यास विमा कंपनी नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवते आणि त्या वेळी मेस्त्री सोबत नसतात.

आपल्या आर.सी.वर वाहनाचा वर्ग कोणता लिहिला आहे, ते प्रथम पाहा. खासगी वाहन असेल तर नमुना २५ मध्ये नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, गाडी तपासणीला न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळते. मालवाहू वर्ग असेल तर योग्यता प्रमाणपत्राचा मार्ग वेगळा आहे. २०२१ मध्ये आलेली व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी दुचाकी आणि प्रवासी चारचाकींसाठी आहे, शिवाय त्यासाठी वाहन पन्नास वर्षांहून जुने असावे लागते. ट्रक त्यात बसत नाही.

ज्यांना अशी गाडी नव्याने घ्यायची असेल त्यांच्यासाठी एक वाक्य. माजी लष्करी वाहनाच्या पहिल्या नोंदणीला संबंधित लष्करी अधिकाऱ्यांचे नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र लागते, त्यामुळे ते हातात येईपर्यंत पैसे देऊ नयेत आणि विक्रीच्या कागदावर वाहन भंगार म्हणून विकलेले नाही ना, हे वाचून पाहावे.

रंगाचा प्रश्न आपण विचारला नाही, तरीही सांगते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ प्रमाणे लष्कराच्या वाहनांव्यतिरिक्त कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. हौसेने अनेक जण देतात आणि तपासणीच्या वेळी गाडी परत फिरते.

जोंगा_बेळगाव

मी माझ्या जोंगात सात वर्षांपूर्वी डिझेल इंजिन बसवले होते, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. इंधनाचा खर्च निश्चितच कमी झाला आणि रोज पन्नास-साठ किलोमीटर चालवणाऱ्या माणसाला तो मोह का होतो, हे मला समजते. मात्र नव्या इंजिनाच्या फेऱ्या आणि जुन्या डिफरन्शियलचे गिअर यांचा मेळ बसला नाही. पन्नासच्या पुढे इंजिन किंचाळू लागे, पुढचे कमान पाटे बसले, माउंटिंगची थरथर चासीला लागून क्रॉस मेंबरच्या (चासीच्या आडव्या दांड्याच्या) रिव्हेटपाशी तडा गेला आणि शेवटी रेडिएटर दोनदा बदलावा लागला. या सर्वांवर जे पैसे गेले त्यात मूळ इंजिन पूर्ण बांधून कित्येक वर्षांचे पेट्रोल आले असते. मूळ इंजिन मी विकून टाकले होते, याची खंत अजून आहे. आपण डिझेलचा निर्णय घेतलाच, तरी जुने इंजिन तेल लावून, पोत्यात गुंडाळून घरातच ठेवा.

ज्यासाठी मी आनंदाने पैसे दिले आणि पुन्हा देईन, अशा दोन सुधारणा म्हणजे डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आणि पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पावसाळ्यात आंबोलीच्या धुक्यात दिवे आणि वायपर एकाच वेळी चालवताना त्यांची किंमत कळते. वायरिंग उंदरांनी खाल्लेले असेल तर जोड देत बसू नका, पूर्ण हार्नेस नवा करा आणि प्रत्येक फांदीला फ्यूज द्या.

गुऱ्हाळघर_करवीर

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, मी मनापासून ऋणी आहे. हा सर्व मजकूर मी काल रात्री वडिलांना वाचून दाखवला. टॅपेटची गोष्ट ऐकताच ते उठले आणि ट्रंकेतून एक वही घेऊन आले. सैन्यात गाडीबरोबर कार डायरी ठेवावी लागे, ती सवय त्यांनी या गाडीसाठीही सोडलेली नव्हती. गाडी उभी राहण्यापूर्वीच्या शेवटच्या वर्षात त्यांनी तीन वेळा टॅपेट लावल्याची नोंद आहे आणि तिन्ही वेळा पाचव्या व सहाव्या सिलिंडरच्या एक्झॉस्टपुढे ‘घट्ट’ असे लिहिलेले आहे. त्या वर्षी गाडीने कारखान्याला ऊस ओढला होता.

आज सकाळी चाके पाहिली. नटांची दोन वर्तुळे आहेत. मागच्या डाव्या चाकाच्या बाहेरच्या, म्हणजे रिमचे दोन भाग धरणाऱ्या, वर्तुळातील दोन नटांवर पाना लावल्याच्या ताज्या खुणा आहेत. मागच्या महिन्यात मेस्त्रींचा पोरगा चाक काढायला बसला होता आणि नट सुटत नाही म्हणून त्याने सोडून दिले होते. त्या टायरमध्ये तेव्हा हवा होती. हे लिहिताना अंगावर काटा येतो.

आर.सी.वर खासगी वाहन अशी नोंद आहे. डिझेल इंजिनाचा विचार सोडला आहे. हेड उतरवून उद्यमनगरात आणावे का, हे सांगावे.

उद्यमनगर_लेथ

वहीतील नोंद पाहता आता हजार किलोमीटर थांबण्याची गरज उरलेली नाही. ओझ्याखाली सीट रुतल्या आहेत, हे जवळपास स्पष्ट आहे. हेड आणा. उतरवताना पुश रॉड ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोके पाडून खोचून ठेवा, बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने नव्हे तर टोकांकडून मध्याकडे थोडे थोडे सोडा, म्हणजे हेड वाकणार नाही. हेडची सपाटी आणि तडे तपासल्याशिवाय सीटचे काम सुरू करायचे नाही. सहाही एक्झॉस्टच्या सीट एकदमच करून घेऊ. दोनच केल्या तर उरलेल्या चारांसाठी पुन्हा हेड उघडावे लागेल.

माजी_ईएमई_गडहिंग्लज

त्या पोराला बोलावून ती रिम दाखवा आणि समजावून सांगा. तो उद्या दुसऱ्या कोणाच्या गाडीपाशी बसेल.

हेडचे काम होईपर्यंत ब्रेक आणि चाके पूर्ण करा. हेड परत बसल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी प्लग काढून स्टार्टर फिरवा आणि रॉकरवर ऑईल चढलेले डोळ्यांनी पाहा, मगच प्लग लावा. पहिले शंभर किलोमीटर गावाच्या आसपासच चालवा. आपल्या वडिलांना फर्स्ट पॅरेड, हॉल्ट पॅरेड आणि लास्ट पॅरेड या तपासण्या सांगाव्या लागणार नाहीत, त्या त्यांच्याकडून आपण शिकून घ्या: निघण्यापूर्वी ऑईल, पाणी, हवा, दिवे आणि गाडीखालची जमीन, वाटेत थांबल्यावर प्रत्येक ड्रमला हाताचा पाठचा भाग लावून कोणता जास्त तापला आहे ते, आणि घरी आल्यावर नट, पाटे, गळती. एखादा ड्रम इतरांपेक्षा तापत असेल तर तेथील सिलिंडर मोकळा होत नाही, असे समजून परत उघडा.

पन्हाळा ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. रंग बदलताना मागच्या डिफरन्शियलच्या गोलाकार भागावर पांढरा रंग राहिला असेल, तर तेवढा राखता आला तर राखा. रात्रीच्या ताफ्यात दिवे बंद असताना गाडीखालच्या छोट्या दिव्याने उजळलेला तो पांढरा गोल पाहूनच मागचा चालक गाडी चालवत असे. आपल्या वडिलांनी तो गोल पाहत किती रात्री काढल्या असतील, ते त्यांना विचारा आणि येथे लिहा.